सोबतीचा खर्च

आर्डिसच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि तिच्या उजव्या हाताचा कंप हळूहळू उतरला. यंत्र नवं होतं, अजून चाचणीतच. म्हणून दर महिन्याला तिला तपासणीसाठी बिलिंग्ज शहरातल्या दवाखान्यात यावं लागे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पार पूर्व टोकापासून गाडीने पाच तास. पेट्रोल, मुक्काम, पेशंटबरोबर एक सोबती, सगळा खर्च यंत्राच्या कंपनीचा.

सोबती म्हणजे शेजारचा लेस्टर. बायको गेल्यापासून तो फक्त गुरांशी बोलायचा, पण गाडीत बसला की त्याला कंठ फुटे. वाटेत माइल्स सिटीला थांबून दोघं पॅनकेक खात आणि गव्हाच्या भावावरून कडाकडा भांडत. आर्डिस महिनाभर त्या भांडणाची वाट बघायची.

त्या दिवशी तपासणीत, कंप किती उरलाय ते बघायला कागदावर वेटोळं काढायला लावलं, तेव्हा तिने हात मुद्दाम थरथरवला. रेघ पार वेडीवाकडी झाली.

चाचणीचं काम पाहणारी नर्स जोलीन कागदाकडे बघत राहिली. "काकू, मघाशी बाहेर स्वेटरची एवढीशी बटणं तुम्हीच लावत होतात ना?"

आर्डिसने मान खाली घातली. "बरी झाले म्हटलं, तर सोबतीचा खर्च बंद कराल. मग लेस्टरला पदरमोड करून चल, असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

जोलीन खुर्ची ओढून जवळ बसली. "अहो, पेशंटला आमिष दाखवायचं नाही, असा कायदाच आहे. म्हणून वकिलांनी आधीच ठरवून दिलंय, हा खर्च निकालावर अवलंबून नाही. हात थरथरो न थरथरो, चाचणी संपेपर्यंत सोबती येणार. पण असा खोटा कंप काढलात, तर ज्यांना खरंच गुण येईल त्यांच्यापर्यंत हे यंत्र पोचायचंच नाही."

जे घडलं ते त्या कागदावर लिहून तिने नवा कागद पुढे सरकवला. आर्डिसने डोळे पुसले. या वेळी वेटोळं सुरेख आलं.

"आणि चाचणी संपल्यावर?"

"ते कायद्यात नाही. लेस्टरकाकांना विचारा."

आर्डिसने बाहेर येऊन त्याला सगळं सांगून टाकलं. लेस्टरचे कान लाल झाले.

"येडी आहेस का गं? दवाखाना संपला, तर नुसते पॅनकेक खायला येऊ."

"मग आधी बोलायचंस ना!"

"तू बोलू देशील तेव्हा ना!"

आता आधाराची गरज नव्हती, तरी गाडीपर्यंत तिने त्याचा दंड धरून ठेवला.