रूपसिंगाच्या भिंतीपाशी ठेवलेली वाटी

अडतीस सालच्या चैत्रात ग्यानबाच्या विहिरीला ओल लागली आणि त्याच आठवड्यात शेजारी रूपसिंगाच्या भिंतीला भेग पडली. म्हणजे भेग चार उन्हाळे जुनी होती. सुरुंगाची ती आत्ता झाली. रूपसिंगानं पंच बसवून विहिरीचं काम थांबवलं. त्या पंचांत मीही होतो.

परवान्यावर कळमनुरीहून आणलेली सुरुंगाची दारू तीन सुरुंगांपुरतीच उरली होती. पाणी मात्र दोन हातांवर.

"हिसका म्हंजी पंगतीतलं तूप," सुरुंगवाला चाँद पाशा म्हणाला. "पयल्या पानाला पळीभर, मधल्याला थेंब, शेवटल्याला निस्ता वास. खडकातून तरी लांब जातो. हितं मधी तीनशे पावलं काळी माती. ती समदा गिळून टाकती."

"माज्या भितीला वास न्हाई, भेग आली," रूपसिंग म्हणाला.

चाँद पाशानं पाण्यानं काठोकाठ भरलेल्या तीन वाट्या मांडल्या. पन्नास पावलांवर, शंभरावर आणि तिसरी भिंतीच्या पायाशी. बत्ती दिली. पहिलीतलं पाणी सांडलं. दुसरीत बारीक वर्तुळं उठली. तिसरीभोवती आम्ही चार शहाणे उकिडवे बसलो होतो. पाण्यावरची धूळसुद्धा हलली नाही.

"आज दारू कमी भरली यानं," रूपसिंग म्हणाला.

पंचांच्या माना डोलल्या. माझीही डोलली, खोटं कशाला बोलू? न हललेल्या पाण्याची साक्ष कोण काढणार?

"कमी?" चाँद पाशा भडकला. "मंग तूच भर, तुज्या हातानं!"

"पाशाभाई, काहून चिडून राहिलास?" ग्यानबा काकुळतीला आला. "दोनच सुरुंगांची हाय."

"बराबर आहे. आज होऊनच जाऊ दे," चाँद पाशा म्हणाला.

रूपसिंगाचा हात एरवी आखडता. त्या दिवशी त्यानं उरलेली सगळी दारू एकाच भोकात ठासली. लांब वात पेटवून तो आणि चाँद पाशा भिंतीपाशी पळत आले.

धमाक्यानं लिंबावरचे कावळे उडाले. वाटी गप्प.

"बघा!" चाँद पाशा ओरडला.

आम्ही निकाल दिला: भेग सुरुंगाची नव्हे, काम चालू करावं.

तेवढ्यात ग्यानबा विहिरीकडून धावत आला. "पाशाभाई, एक बाजू समदी आत गेली! ओल बुजली! फोडाया दारू बी न्हाई आता!"

"म्या काय म्हनलो व्हतो?" रूपसिंग पंचांकडे वळला. "याच्या सुरुंगानं भिती ढासळत्यात."

 चाँद पाशानं वाकून वाटी उचलली. पाणी तेव्हा कुठं हललं.