दोन बोटांची जागा

बर्नाडीनने मागून मागून मागितलं काय, तर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आपली शेव्हेल गाडी काढायची आणि तिने शेजारच्या सीटवर बसायचं. त्या दिवशी वेलर गावच्या सेंटर रस्त्यावर सगळ्या जुन्या गाड्या निघतात. लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, भाजलेली कणसं खातात आणि कोणाच्या बॉनेटखाली काय आहे त्यावर भांडतात. एकतीस वर्षांत नोवित्स्की नवरा-बायकोने हा शनिवार एकदाही चुकवला नव्हता. पण फेब्रुवारीत तिचं दुखणं हाडांत उतरलं आणि मे महिन्यापासून ती खाटेवरून उचलल्याशिवाय हलत नव्हती. घरी येणारी नर्स म्हणाली, पाच-सहा मैल फिरवून आणा हवं तर, पण धक्के बसता कामा नयेत.

धक्के! कॅझ नोवित्स्कीने हा शब्द झेलला तो दोन्ही हातांनी. माणूस एकाहत्तर वर्षांचा, चौतीस वर्षं ओतकाम कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये काढलेली. केसाच्या जाडीइतकी चूक झाली तरी जेवण गोड न लागणारा. आणि गेले सहा महिने दवाखान्यात त्याला विचारत होतं कोण? डॉक्टर बोलायचे, मुलगी थेरेसा लिहून घ्यायची, आणि हा टोपी मांडीवर ठेवून मान हलवायचा. गोळ्यांची नावंसुद्धा त्याच्या तोंडात बसत नव्हती. आता कुठे एक गोष्ट अशी निघाली होती जिच्यावर त्याचा हात चालत होता.

अडचण एवढीच की गाडी खाली बसवलेली. एकोणसत्तर सालची दोन दारांची शेव्हेल, मोठ्या इंजिनाची. सत्त्याऐंशी साली त्या दोघांनी घरच्या गॅरेजमध्ये तिच्या स्प्रिंगा बदलल्या आणि तिला तीन इंच खाली आणली. तो गाडीखाली आडवा व्हायचा, ती टॉर्च धरायची आणि तो ओरडेल ती मापं वहीत लिहायची. त्या गाडीवर आता होती अठरा इंची रिमं. थेरेसाच्या नवऱ्याने कौतुकाने बसवून दिलेली, दिसायला झकास. पण रिम मोठी झाली की रबर उरतं चार बोटं, आणि मग रस्त्यावरचा खडासुद्धा सीटपर्यंत येतो.

उपाय कोणीही सांगेल. गाडी पुन्हा उंच करायची, जाड मऊ टायर घालायचे, झालं. कॅझने तसं बोलून बघितलं. बर्नाडीन उशीवरूनच म्हणाली, "नाक वर करून चालणारी गाडी माझी नाही. तीत तू दुसऱ्या कोणाला तरी बसव." म्हणजे विषय संपला. पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी भांडून एकदाही जिंकला नव्हता, आणि आता जिंकायची त्याला भीतीच वाटत होती.

तेव्हा गाडी खालीच राहणार, आणि त्या तेवढ्याशा जागेत होईल तितकं रबर कोंबायचं. छोटं रिम, उंच टायर. पण किती उंच आणि किती रुंद? टायर थोडा जास्त झाला की वर मडगार्डच्या काठाला घासतो. कमी झाला की बर्नाडीन कळवळते. असा सगळा पाव इंचाचा खेळ होता.

गुरुवारी सकाळी डोनटच्या दुकानात म्हाताऱ्यांची बैठक असते. तिथे कॅझने विषय काढला मात्र, प्रत्येकाला कंठ फुटला. एक म्हणाला मडगार्डचा काठ ठोकून आत वळव, दुसरा म्हणाला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या बसव, तिसऱ्याने आपल्या मेव्हण्याची सगळी कर्मकथा ऐकवली. बर्नाडीनचं नाव मात्र एकानेही काढलं नाही. बोलावं काय हे त्यांना कळत नव्हतं, आणि टायरबद्दल कळत होतं. कॅझला त्याचा राग आला नाही. तो तरी दुसरं काय करत होता?

ड्वेन पर्सेलचं टायरचं दुकान. दोघं शाळेपासूनचे. ड्वेनने आपल्या साठ्यातली पंधरा इंची रिमं काढून दिली आणि मागच्या चाकांसाठी दोन मापांचे टायर गाडीत टाकून दिले: दोनशे पंचेचाळीस आणि दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचे. "मोठा बसला तर बघ," तो म्हणाला, "उंचीला सहा मिलिमीटर रबर जास्त मिळतंय. नाही बसला तर आणून टाक. आणि पैशाचं बोललास तर टायर डोक्यात घालीन."

पुढच्या आठवड्यात चार दिवस कॅझ गॅरेजमध्ये होता. काम त्याच्या रीतीने. मागची स्प्रिंग काढायची, जॅकने चाक वर ढकलायचं, मडगार्डच्या आतल्या काठाला खडू फासायचा आणि टायरवर खडूचा डाग उठतो का बघायचं. पुढची चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायची आणि पुन्हा बघायचं. हे झालं की गाडी जमिनीवर घ्यायची आणि माणसं बसल्यावर ती किती दबते ते मापायचं. रिकाम्या गाडीचं माप घेतो तो गाढव, असं तो कारखान्यातल्या नव्या पोरांना सांगायचा. आता माणसं कुठून आणायची? तर वाळूच्या पिशव्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात मागची चाकं बर्फावर घसरू नयेत म्हणून डिकीत टाकतात, त्या लांबट पिशव्या, एकेक साठ पौंडांची. त्याने आपल्या सीटवर आपल्या वजनाची वाळू रचली. मग तिच्या सीटचं माप हवं म्हणून जुनी वही काढली.

सत्त्याऐंशी सालच्या पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: 'प्रवासी – दीडशे पौंड. हे कोणाला सांगितलंस तर बघच.' कॅझ वाचून हसला. तिच्या सीटवर त्याने दोन पिशव्या आणि अर्धी ठेवली.

मोठा टायर घासला. थोडासाच, तिच्या बाजूच्या मागच्या चाकाला, पण खडूचा डाग उठला तो उठलाच. त्याने पुन्हा केलं, पुन्हा उठला. लहान टायर लावला तर टायर आणि मडगार्ड यांच्यात बरोब्बर दोन बोटं जात होती, चारी चाकांना. सहा मिलिमीटर रबर हातचं गेलं म्हणून तो हळहळला. पण माप ते माप. त्याने मोठे टायर ड्वेनला परत नेऊन दिले, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरात येऊन बर्नाडीनला सांगितलं की जमलं. ती म्हणाली, "तुझं तोंडच सांगतंय." सहा महिन्यांत तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

शनिवारी दुपारी थेरेसाने आईला निळा ब्लाउज घातला, डोक्याला रुमाल बांधला. कॅझने बायकोला उचललं, अंगणातून नेलं आणि अलगद सीटवर ठेवलं. उश्या लावल्या, पट्टा सैल धरून अडकवला. मग निघण्याआधी, सवय म्हणून, आपल्या सीटवर आपल्या वजनाची वाळू तशीच ठेवून तो चाकांशी वाकला. आपल्या बाजूला पुढे दोन बोटं, मागे दोन बोटं. वळसा घालून तिच्या बाजूला आला, मागच्या चाकावर बोटं घातली.

तीन गेली.

त्याने हात काढला आणि पुन्हा घातला. तीन. त्याला वाटलं टायरमध्ये हवा जास्त झाली. हवा मोजली, ती बरोबर होती. अंगणातली फरशी वर-खाली असेल म्हणून गाडी हातभर पुढे ढकलली आणि परत मापलं. तीनच. गाडी तिच्या बाजूला उचललेली दिसत होती, अर्धा इंच असेल नसेल. रस्त्यावरच्या कोणाला कळलं नसतं. कॅझला फाटकापासून कळलं असतं.

आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, रोज दोन-चार वेळा तो तिला उचलत होता! खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर. हातांना ठाऊक होतं. मे महिन्यात उचलताना पाय रोवावे लागायचे, आता लागत नव्हते, हेही ठाऊक होतं. रिकाम्या गाडीचं माप घेणाऱ्याला गाढव म्हणणारा हा शहाणा माणूस वहीतल्या बायकोचं माप घेऊन बसला होता.

बर्नाडीनने काच खाली केली होती. "काय रे, घासतंय?"

"नाही."

"मग बसलायस काय तिथे?"

तो उठून दाराशी आला. खोटं बोलायचं त्याच्या मनात होतं, पण मापाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग मागच्या चाकाकडे मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही.

"माझं किती धरलंस?" तिने विचारलं.

"दीडशे."

बर्नाडीन हसली. हसताना दुखलं म्हणून थांबली. "मंगळवारी नर्सने उचलून काट्यावर धरलं होतं," ती म्हणाली. "नव्वद. थेरेसाला म्हटलं, ह्याला सांगू नको."

थेरेसा पायरीवर उभी होती, ती आत निघून गेली.

कॅझ मात्र बोलत सुटला. म्हणजे मोठा टायर बसला असता, तो म्हणाला. नव्वदला घासलाच नसता. सहा मिलिमीटर रबर जास्त मिळालं असतं, धक्का आणखी कमी लागला असता. ड्वेन आज दुकान बंद करून रस्त्यावर गेला असेल, पण सोमवारी सकाळी उघडतो. सोमवारी दोन्ही टायर बदलून टाकतो. पुढच्या शनिवारी जाऊ, गाड्या नसल्या तर नसल्या, आपण दोघंच जाऊ. रस्ता कुठे पळून जातोय?

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याचं बोलणं आपोआप बंद पडलं.

"वाळू आण," ती म्हणाली.

"काय?"

"एक पिशवी आण. वाकडी गाडी घेऊन मी सेंटर रस्त्यावर यायची नाही. लोक काय म्हणतील, नोवित्स्कीला म्हातारपणी माप चुकायला लागलं?"

गॅरेजच्या दाराशी पिशव्या दिवसभर उन्हात पडल्या होत्या. त्याने एक आणली. मागच्या सीटवर ठेवणार होता, पण ती म्हणाली, इथे पायाशी ठेव. वजन पुढे जाईल, तो म्हणाला. "जाऊ दे, ऊन लागलंय तिला," ती म्हणाली, आणि त्याने वाळू ठेवल्यावर तिने मोजे घातलेले पाय त्या पिशवीवर टेकले. ऑगस्टच्या उन्हातही तिचे पाय गार असायचे. तिने डोळे मिटून घेतले.

त्याने जाऊन बोटं घातली. दोन, आणि थोडी फट. चालण्यासारखं.

"आता लिही," ती म्हणाली.

वही पुढच्या खणात होती. पेन्सिल धरणं तिच्या बोटांना जमत नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मापं सांगत ती होती आणि लिहीत तो होता. तिच्या गोल अक्षरांखाली त्याने लिहिलं: प्रवासी नव्वद. वाळू साठ. "बेरीज कर," ती म्हणाली. त्याने केली. दीडशे भरत होते.

मग त्याने आपल्या सीटवरची वाळू उतरवली आणि ते गेले. सेंटर रस्त्यावर त्यांना बघून डोनटवाली सगळी टोळी खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. टिंगल करायची सोडून कोणी टोपी काढली, कोणी हात वर केला. ड्वेनने गाडीकडे एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने बघितलं आणि अंगठा दाखवला. बर्नाडीनने महाराणीसारखा हात हलवला. बँकेपासून चर्चपर्यंतचा रस्ता गुळगुळीत होता, ती हसत होती, आणि कॅझला वाटलं की निभावलं.

परतताना टॅनर गल्लीतलं रेल्वेचं फाटक लागलं. सेंटर रस्ता त्या दिवशी एकेरी असल्याने परतीला दुसरी वाट नव्हती. पूर्वी या रुळांवर तिच्या बाजूचं मागचं चाक हमखास घासायचं. थेरेसा पोटात होती तेव्हा तर इतकं की ती म्हणायची, गाडीसुद्धा मला जाड म्हणते. कॅझने गाडी माणसाच्या चालीवर आणली, एकेक चाक हलकेच चढवलं, हलकेच उतरवलं. तरीही मागचं चाक उतरताना तिच्या तोंडून आवाज निघाला. मोठा नव्हता. तिने त्याची बाही मुठीत धरली आणि पुढच्या दोन गल्ल्या सोडली नाही.

सहा मिलिमीटर, कॅझच्या डोक्यात चाललं होतं. सहा मिलिमीटर.

"घासलं का रे?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"नाही."

"नाहीच घासायचं," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्याने तिला आत नेलं, खाटेवर ठेवलं, गोळी दिली, ती झोपेपर्यंत बसला. ऊन उतरलं तेव्हा तो गाडी आत घ्यायला बाहेर आला. पिशवी काढून गॅरेजमध्ये ठेवायला हवी होती. त्याने दार उघडलं, वाकला, बायकोला उचलावं तशी पिशवी छातीशी धरून उचलली आणि तिथेच थांबला. थेरेसा खिडकीतून बघत होती. तिला वाटलं पप्पांची कंबर धरली, म्हणून ती धावत बाहेर आली आणि द्या इकडे म्हणाली. पण कॅझने पिशवी दिली नाही. त्याने ती पुन्हा होती तिथे ठेवली, वर बर्नाडीनच्या पायांच्या खुणा होत्या त्या बाजूने, आणि दार लावून घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "नाहीतर गाडी वाकडी होते."