धनेश खलास

माझा नवरा म्हणतो, तुझं तोंड तुला एक दिवस नडेल. नडलं. पण मला नाही, धनेशांना.

मी हुमेरा. पक्ष्यांच्या पाहण्या करते, त्यावरच पोट चालतं. जमालचाचा आमच्या रत्नागिरीचे, अब्बांचे लांबचे भाऊ. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांची लाकडाची वखार आहे, माल घानातून येतो. तिथल्या एका जंगलातली मोठी झाडं त्यांच्या कंपनीने कापली आणि त्या जागी सागवान लावलं, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखं ओळीत. मधली एक टेकडी तेवढी जुन्या झाडांसकट राहिली. चाचांचे शारजातले अरब भागीदार अबू राशिद यांनी अट घातली की लागवडीत पक्षी परतले असतील तरच टेकडी तोडायची. परदेशी गिऱ्हाइकं विचारतात म्हणे. ते बघायला चाचांनी मला पाठवलं. घरची मुलगी आहे, घरच्यासारखंच उत्तर देईल, असं त्यांना वाटलं असणार.

लागवडीत पक्षी होते. बुलबुल, होले, मुनिया, सुगरणी. ज्यांना शेत चालतं, कुंपण चालतं, आपलं परसही चालतं, असे. गर्द सावलीत मुंग्यांच्या फौजेमागे फिरणारे छोटे पक्षी मात्र गेले होते आणि धनेश तर औषधालाही नव्हता. धनेशाच्या मादीला म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते. आत बसून ती ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून भरवतो. वखारवाल्यांच्या लेखी ढोलीचं झाड म्हणजे पोकळ माल, ते पाडून जागा मोकळी करायची. उरलेसुरले धनेश टेकडीवर होते. त्यांच्या पंखांचा आवाज मी फोनवर टिपला आणि लेकीला, नबिलाला पाठवला.

"मम्मा, विल दे बी ओके?" तिने विचारलं.

"इन्शाल्ला. मी आहे ना," मी म्हटलं.

परतल्यावर चाचांच्या ऑफिसात मीटिंग झाली.

"हुमेरा, लंबी गोष्ट नको. टोटल सांग," चाचा म्हणाले.

"टोटल थोडी जास्तच आहे चाचा. पण टोटलला काय चाटायचंय? जंगलातले गेले आणि शेतातले आले."

"आले ना? मग झालं. पाखरू ते पाखरू."

माझं डोकंच फिरलं. "रत्नागिरीतली सगळी माणसं हाकलली आणि दुप्पट टुरिस्ट आणून बसवले, तर गाव वाढलं म्हणाल? धनेश खलास, चाचा! टेकडी तोडलीत की बर्ड्स खलास, सगळेच खलास!"

अबू राशिदना मराठी कळत नाही. इतका वेळ ते फोनमध्ये होते. आता मान वर करून हसले.

"बर्ड्स खलास?"

त्यांच्या अरबीत खलास म्हणजे काम पुरं झालं.

"नो, नो! आय मीन फिनिश्ड!"

"येस, फिनिश्ड. शुक्रन, डॉक्टर."

मी रिपोर्ट उघडून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी नेमकं टोटलवर बोट ठेवलं.

"बट डिफरंट बर्ड्स!" मी जवळजवळ ओरडलेच.

"डायव्हर्सिटी," ते खुशीत म्हणाले आणि टेकडीच्या कागदावर सही करून मोकळे झाले.

मी चाचांकडे पाहिलं. उभा जन्म आखातात गेलाय या माणसाचा. आपलं खलास काय आणि त्यांचं खलास काय, त्याला पक्कं ठाऊक. चाचा एक वाक्य बोलले असते तर टेकडी वाचली असती. त्यांनी शांतपणे माझ्यापुढे कॉफीचा छोटा कप ठेवला. "बस ना बेटा. इतना गुस्सा कशाला?" ती कॉफी त्यांच्या तोंडावर फेकावी असं मला वाटलं. फेकली नाही, याचा आजही राग येतो.

दुबईत अल बर्शाला घरी पोचले तर नबिला दारातच उभी.

"मम्मा, द हॉर्नबिल्स?"

समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"खलास, बेटा."

पोरगी इथेच जन्मलेली. तिचा चेहरा उजळला.

"येस! आय न्यू इट!" म्हणत तिने टाळीसाठी हात पुढे केला.

मी टाळी दिली.