गाडीच्या पोटातलं जवाचं पीठ

जुन्या जीपच्या बॉनेटखाली त्या रविवारी एक इंजिन होतं, त्यावर रात्रभर पांघरलेली एक रजई, रेडिएटरपुढे खोचलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे (पैकी एक बिस्किटांच्या खोक्याचा), लामांनी आशीर्वाद म्हणून दिलेला एक पांढरा रेशमी खताग, आणि थर्मोस्टॅट शून्य.

शेवटची नोंद स्पल्झेसनं कव्हर उघडून दोनदा तपासली. जम्मूहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आल्यापासून ती सगळंच दोनदा तपासायची. घरात याला आजार समजत.

"अबा-ले, थर्मोस्टॅट कुठंय?"

"तो होय? गॅरेजवाल्या नोर्फेल उस्तादानं काढून टाकला," वडील म्हणाले. "खालच्या लोकांचे चोचले ते. आपल्याकडे एवढी थंडी, इंजिन थंड करायला यंत्र कशाला?"

"ते इंजिन गरम ठेवायला असतं."

"मग तर नकोच! गरम होत होतं म्हणूनच काढला ना."

जीप सपाटीवर बर्फासारखी थंड चाले, हीटरमधून नोव्हेंबरची हवा नोव्हेंबरच्याच तापमानाला येई, आणि चढ लागला की इंजिन उकळू लागे. इंजिन संपलं, असं वडिलांच्या चुलतभावानं, ग्यालसननं, जाहीर केलं होतं. ते संपलेलं इंजिन गुरुवारी जीपसकट स्वतःच्या घरी न्यायलाही तोच तयार झाला होता. इतका निःस्वार्थी माणूस गावात दुसरा नव्हता. जीप गेली की स्पल्झेसची नोकरीही गेली, कारण तिची शाळा अठरा किलोमीटर वर होती आणि तिकडे बस आठवड्यातून एकदा जाई.

तोंडी परीक्षा घ्यावी तशी तिनं वडिलांकडून हकिकत काढली. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, इंजिन पहिल्यांदा उकळलं. हिवाळ्यात लावलेला पुठ्ठा तेव्हाही रेडिएटरपुढेच हवा अडवत होता. तो सोडून बाकी सगळं तपासून झालं आणि उस्तादानं थर्मोस्टॅट काढला. कव्हर परत बसवताना त्याची गॅस्केट फाटली, म्हणून त्यानं काळा लेप थापला. त्या सांध्यातून कूलंट झिरपू लागलं. तिथं आता हिरवट पांढरा थर जमला होता, आणि दोनपैकी एक बोल्ट बोटानं फिरत होता.

"गळती दिसत होती, तर बोल्ट का नाही आवळला?"

"बोल्ट कशाला? टॅक्सी स्टँडवर सगळे म्हणाले, रेडिएटरमध्ये भाजलेल्या जवाचं पीठ घाल. भोक आपोआप बुजतं."

"बुजलं?"

"थोडंसं. मग चढावर उकळायला लागली."

दारात उभी असलेली आई पुढे आली. "किती पीठ घातलंत?"

"दोन मुठी."

"डब्यात दोन किलो कमी आहे! मी उगाच उंदरांना शिव्या घालत होते."

सोमवारी स्पल्झेसनं लेहहून ब्याऐंशी अंशांचा थर्मोस्टॅट आणि नवी गॅस्केट आणली. चहाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट बुडवून, थर्मामीटर धरून ती चुलीपाशी बसली. त्र्याऐंशीला झडप उघडली. वडील वाकून बघत होते. त्यांनी ते पुन्हा एकदा करायला लावलं.

मग रेडिएटर काढून उलटा धुतला. पहिली बादली बघून आई म्हणाली, "हा तर प्यायचा थुक्पाच की! मीठ तेवढं राहिलं." पाणी स्वच्छ यायला सात बादल्या लागल्या. काळा लेप खरवडून स्पल्झेसनं थर्मोस्टॅट बसवला, गॅस्केट लावली, दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळले, नवं कूलंट भरलं आणि रेडिएटरला जोडलेल्या बाटलीवर त्याच्या पातळीची खूण केली.

ग्यालसन तेवढ्यात मालाची विचारपूस करायला आलाच.

"कशाला हात काळे करतेस, पोरी? गुरुवारी नेतोच आहे मी."

"काका, संपलेलं इंजिन नेऊन काय करणार?"

"भावाचं ओझं हलकं करतो, दुसरं काय!"

"अबा-ले, मला सहा दिवस द्या. रोज शाळेत जाऊन येईन."

वडिलांनी दोघांकडे पाहिलं. "सहा दिवस दिले. पण एकदा जरी उकळली, किंवा पाणी बोटाच्या रुंदीएवढं उतरलं, तर जीप ग्यालसनची."

"कुठलं बोट?"

"ही मुलगी!" वडिलांनी अंगठा पुढे केला. तिनं तो मोजला. एकवीस मिलिमीटर.

"माझा अंगठा बारीक आहे, माझा धरा," ग्यालसन म्हणाला. कुणी धरला नाही.

मंगळवारपासून रविवारपर्यंत ती गेली आणि आली. सुट्टीच्या दिवशी शाळा उघडी नव्हती, तरी चढ होताच. वडील रोज शेजारच्या आसनावर बसले, तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजे काढले. पाचव्या दिवशी हीटर कमी कर म्हणाले.

सोमवारी सकाळी इंजिन थंड असताना, उणे अकरा अंशांत, स्पल्झेसनं बाटलीला पट्टी लावली. ग्यालसन जीप ओढून न्यायला दोर घेऊन फाटकात उभा होता.

दोनशे सोळा किलोमीटर झाले होते. काटा कधीच अर्ध्याच्या वर गेला नव्हता. पाणी खुणेच्या दोन मिलिमीटर खाली होतं.