वरिष्ठांचे नाव

'कामावरील वरिष्ठांचे नाव व फोन नंबर' या रकान्यावर येऊन तिचं पेन अडलं. तोवर फॉर्म भराभर भरत आला होता. वय बेचाळीस, व्यवसाय ॲपवरची टॅक्सी चालवणे, अनुभव चार वर्षं, घरात राहणारी माणसं दोन. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या घरात टेबलापलीकडे घरमालक लाल-निळ्या पेन्सिलीला टोक काढत बसले होते. टोक कधीच निघालं होतं, तरी काढतच होते.

एकही रकाना रिकामा चालणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी लोकांचे दावे तपासले होते. कोणाची खरंच चोरी झाली आणि कोणी आपल्या हातानं कपाट फोडलं, हे ते म्हणे नुसत्या कागदावरून ओळखायचे. माणूस निवृत्त झाला म्हणून खोड थोडीच निवृत्त होते. तळमजल्यावरचं त्यांचं दोन खोल्यांचं घर पाच महिने रिकामं पडलं होतं, ते घर वाईट म्हणून नव्हे, फॉर्म चार पानी म्हणून.

आता टॅक्सीवालीला वरिष्ठ कुठून आणायचा? ॲपला तोंड नसतं. फोन लावावा तर एक दाबा, दोन दाबा करत शेवटी पुन्हा एकवर आणून सोडतं. चार वर्षांत तिथल्या एकाही जिवंत माणसानं तिला शाबासकी दिली नव्हती की झापलं नव्हतं. तिनं पेनचं टोपण दातात धरून क्षणभर विचार केला आणि सरळ सासूबाईंचं नाव लिहून टाकलं.

यात लबाडी होती असं तिला मुळीच वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर नव्हतीही. पहाटे साडेपाचला गाडी सुरू केली की ती आधी ब्रेक दाबून धरायची. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून सासूबाई मागचे दोन्ही लाल दिवे बघायच्या आणि हात वर करायच्या. हात वर झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा डावा दिवा लागला नाही, तर त्यांनी हात वर केलाच नाही, आणि सुनेची सकाळची पहिली दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. दिवसातून तीनदा त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, पाय मोकळे केलेस का, आणि संध्याकाळचा शेवटचा, आता पुरे, घरी ये. रात्री आठनंतर एकही ट्रिप घ्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. याला वरिष्ठ नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?

गाडी तिच्या नवऱ्याची. तोही हेच काम करायचा. चार वर्षांपूर्वी तो आठ दिवसांच्या आजारात गेला आणि गाडी दाराशी उभी राहिली. लोक म्हणाले विकून टाका. सुनेला तेव्हा साधा गिअर टाकता येत नव्हता. अडतिसाव्या वर्षी ती शिकायला बसली, परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. शिकत होती तेव्हा सासूबाई रोज मागच्या सीटवर बसायच्या, डोळे गच्च मिटून, पण बसायच्या. आज ॲपवर सुनेच्या नावापुढे पाचाला जेमतेम कमी इतके स्टार आहेत. म्हातारं माणूस गाडीत बसलं की ती खड्डा असा चुकवते की हातातला कप हलत नाही. कौतुक करावं तेवढं थोडं आहे, पण तिच्या तोंडावर कोणी करत नाही, सासूबाई तर नाहीच नाही.

अशा बाईला या शहरात घर मिळत नव्हतं. राहती इमारत पाडायची ठरली होती आणि महिनाअखेरीला खोली सोडायची होती. दिवसभर ती लोकांना त्यांच्या घरी सोडायची, कुठल्या इमारतीचं फाटक कुठल्या बाजूनं उघडतं ते तिला पाठ होतं, पण फाटकाच्या आत पाय ठेवायची वेळ कधी आली नव्हती. आता पाय ठेवायला गेली तर भाडी ऐकून डोळे पांढरे व्हायची पाळी. त्यातून जी सात घरं परवडतील अशी सापडली, त्यातली दोन पगाराची स्लिप नाही म्हणून गेली. उरलेली पाच सासूबाईंना बघून गेली. त्यांचे गुडघे, त्यांची काठी, एक जिना चढायला लागणारी पंधरा मिनिटं. कोणी तोंडावर नाही म्हटलं नाही. उद्या या पडल्या-बिडल्या तर जबाबदारी कोणाची, एवढंच सगळ्यांनी आडून आडून विचारलं.

पाचव्या नकारानंतर सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता. मी थोरल्याकडे जाते, तू आपल्यापुरती एक खोली बघ. थोरल्या मुलाला फोन केला तेव्हा तो नाही म्हणाला नव्हता, 'बघू' म्हणाला होता. त्याच्या 'बघू'ला त्या पन्नास वर्षं ओळखून होत्या, तरी त्यांनी बॅग भरून ठेवली. सुनेनं वाद घातला नाही. ती फक्त घरं बघत राहिली, आणि तिला हे तळमजल्याचं घर सापडलं.

एका गिऱ्हाइकाला सोडताना तिनं पाटी पाहिली होती. मग तीन दिवस वेगवेगळ्या वेळी समोर गाडी लावून तिनं नुसतं बघितलं. फाटकापासून दारापर्यंत एकच पायरी. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी ऊन. आज मालकांनी घर दाखवलं तेव्हा ती आधी न्हाणीघरात गेली आणि आतल्या नळापासून दारापर्यंत भिंतीला धरून चालून बघितलं. मालक बघत होते. असं घर बघणारा भाडेकरू त्यांनी पाहिला नव्हता.

सासूबाई मात्र घर बघायला उतरल्याच नाहीत. मला बघितलं की घर जातं, म्हणून त्या खाली रस्त्यावर गाडीतच बसून राहिल्या होत्या, पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स आणि पर्सवर फोन.

मालकांनी फॉर्म उचलला आणि चारही पानं वाचली. वरिष्ठांच्या नावाशी थांबून त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुमचं आणि यांचं आडनाव एकच आहे."

"हो."

मालकांनी फोन घेतला, नंबर फिरवला आणि स्पीकर लावून टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यांच्या ऑफिसात असंच असायचं, जे काय ते समोरासमोर. सुनेचा हात तोंडाशी गेला. घराचा मालक बोलतोय, अमुक बाईंनी वरिष्ठ म्हणून तुमचं नाव दिलंय, असं त्यांनी सांगितलं. पलीकडे सासूबाईंनी घसा खाकरला.

"बरोबर आहे. विचारा काय विचारायचं ते."

किती वर्षं तुमच्या हाताखाली आहेत, असं मालकांनी विचारलं. अकरा, असं तडक उत्तर आलं. मालकांनी फॉर्मवरच्या चार वर्षांच्या अनुभवाकडे पाहिलं आणि समासात निळी टिकली टेकवली. कामाला वेळेवर असतात का? वेळेच्या आधी असते. रजा? चार वर्षांत दोन दिवस, तेही ताप उतरेना म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी मी नको म्हणत असताना गेली. भाडं वेळेवर देतील का?

"माझा मुलगा गेला त्या महिन्यातही तिनं दिलं. आत्ताच्या मालकांना विचारून घ्या."

सुनेनं मान खाली घातली. मालकांची पेन्सिल तेवढ्यापुरती थांबली. हे घरचं माणूस आहे हे आता उघडच झालं होतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. काही तक्रार आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तो ते प्रत्येक वरिष्ठाला विचारत, आणि प्रत्येक जण नाही म्हणे.

"आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "दुखलं-खुपलं सांगत नाही. गेल्या महिन्यात कंबर धरली होती, आठ दिवस मला पत्ता लागू दिला नाही. बुटांच्या नाड्या बांधायची बंद झाली, त्यावरून मी ओळखलं. असं माणूस हाताखाली असलं की डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं."

सून टेबलावरच्या फोनकडे बघत राहिली. लग्नाला झालेल्या अकरा वर्षांत तिनं सासूबाईंच्या तोंडून स्वतःबद्दल एवढी वाक्यं ऐकली नव्हती. तिला एकदम रडू यायला लागलं आणि मालकांसमोर नको म्हणून तिनं ते गिळलं.

"शेवटचा प्रश्न," मालक म्हणाले. "घरात माणसं किती राहणार?"

"एक."

सून खुर्चीवरून अर्धी उठली. मालकांनी बोट वर करून तिला थांबवलं.

"एकटीच राहणार," सासूबाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच ठाम होता. "मागं-पुढं कोणी नाही तिला. म्हातारं-कोतारं तर कोणीच नाही. तुम्हाला काडीचा त्रास व्हायचा नाही. द्या तिला घर."

मालकांनी आभार मानून फोन बंद केला. मग लाल टोकानं फॉर्मवरच्या 'दोन' या शब्दाभोवती सावकाश गोल काढला.

"इथे दोन, वरिष्ठ म्हणतात एक. कोणीतरी खोटं बोलतंय."

"त्या बोलतायत," सून म्हणाली. "सवय नाही त्यांना. म्हणून नीट जमलं नाही."

मालक खुर्चीत मागे टेकले. ते म्हणाले, हे बघा, वेळेवर भाडं देणारी एकटी बाई मला चालेल. दोनाचा एक करा, शेजारी सही करा, किल्ली या खणात आहे. असं म्हणून त्यांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि खणही उघडला. त्यांना खरंच तसं हवं होतं की तीस वर्षांच्या सवयीनं ते कागद दाबून बघत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

सुनेनं खणाकडे पाहिलं. किल्लीला लाकडाची छोटी चकती होती. महिनाअखेर नऊ दिवसांवर आली होती, आणि एक पायरीचं दुसरं घर या शहरात कुठेही नव्हतं, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तिनं पेनला टोपण लावलं.

"दोनच आहेत," ती म्हणाली. "बाकी सगळं मी त्यांचं ऐकते. हे नाही ऐकायची."

मालकांचा वेळ घेतल्याबद्दल दोन शब्द बोलून ती उठली आणि पर्स खांद्याला लावली. मालकही उठले, पण दाराकडे न जाता खिडकीशी गेले आणि तिथेच थबकले.

"खाली ती पांढरी गाडी तुमची का?"

ती शेजारी जाऊन उभी राहिली. गाडीचं पुढचं दार उघडं होतं. सासूबाई आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा असं करत बाहेर येत होत्या. गाडीच्या टपाला धरून त्यांनी दम घेतला, दार लावलं, लागलं की नाही ते ओढून बघितलं. मग पर्स काखेत मारून त्या गाडीपासून लांब निघाल्या. पाच पावलं टाकून थांबत होत्या, पुन्हा पाच टाकत होत्या. कोपऱ्यावर बसथांबा होता. तिथल्या बाकावर दोन माणसं बसली होती. त्यांच्यात त्या जाऊन बसल्या आणि बस येते त्या दिशेला तोंड करून बघायला लागल्या. खिडकीतून कोणी पाहिलंच तर गाडी रिकामी दिसावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

मालकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बारा मिनिटं लागली त्यांना," ते म्हणाले.

सून तोवर जिन्यात पोचली होती.

ती धावतच बसथांब्यावर आली. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि तिच्यामागून चार पानी कागद हातात धरून येणारे मालकही पाहिले. त्यांनी झटकन तोंड फिरवलं आणि अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "का हो बाई, ही बस स्टेशनकडे जाते का?"

सून त्यांच्या शेजारी टेकली. धावल्यामुळे दम लागला होता. ती नुसती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, आणि सासूबाई तो हात हळूच बाजूला सारायला बघत होत्या.

मालक समोर येऊन उभे राहिले. त्यांनी फॉर्म उलटा केला आणि शेवटच्या पानावरची सुनेच्या सहीखालची मोकळी जागा दाखवून पेन पुढे केलं.

"इथे तुमची सही राहिलीय," ते सासूबाईंना म्हणाले.

"माझी?" सासूबाई म्हणाल्या. "मी कशाला सही करू? मी बसची वाट बघतेय."

"वरिष्ठ म्हणून नको," मालक म्हणाले. "घरात राहणारं दुसरं माणूस म्हणून करा."