मर्विननं आणलेलं खूळ

मर्विन टलॉकनं उभा जन्म न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला मेंढ्यांचे खूर तपासण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर बायकोला, नोलीनला, जपान दाखवायला नेलं. ती देवळं बघत हिंडली. हा मात्र टोकियोतल्या एका दुकानात सुडोकूचं पुस्तक उघडून जो बसला, तो उठेचना. जपानी ओ की ठो कळत नव्हतं, पण कळायचं काय होतं त्यात? एक ते नऊ आकडे. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत, छोट्या चौकटीत कुठलाही दुसऱ्यांदा यायचा नाही. मग गडी थेट लंडनला गेला, एका पेपरच्या संपादकाच्या दारात ठाण मांडलं आणि कोडं छापायला लावूनच परतला. बघता बघता अर्धं इंग्लंड पेन्सिली चावायला लागलं.

गावात आपला सत्कार होईल अशी त्याची समजूत होती. पण खूळ त्याच्याआधीच घरी पोचलं होतं. खाटीक गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून सात शोधायचा. पाद्रीबाबांनी कोड्याच्या तंद्रीत एका धडधाकट माणसाच्या आत्म्याला शांती मागितली. आणि बोल्स क्लबच्या हिरवळीवर छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू घरंगळवायला कुणी उठेचना. अध्यक्षीण ऐल्सा पिंगल खवळली.

"मर्विन, मेंढीला लागणीचा रोग झाला की काय करायचास रे तू?"

"कळपातून बाजूला काढायचो."

"मग आजपासून तू बाजूला. सामन्याच्या दिवशी पेन्सिल दिसली तर याद राख!"

चषकाचा सामना नदीपलीकडच्या क्लबाशी होता. मर्विन रिकाम्या खिशानं आला. पण चहाच्या वेळी पाहुण्यांचा कप्तान कॉलिन लाजत जवळ सरकला.

"तुम्हीच ना ते? एक कोडं अडलंय हो. बघता जरा?"

"नुसतं बघतो हं," मर्विन कुजबुजला. "इथं चार टाका."

"चार कसला? आठ!" मागून कुणीतरी चहासोबतचा स्कोन-पाव चघळत ओरडलं. झालं! दोन्ही संघ टेबलावर ओणवे. ऐल्सा त्यांना हुसकायला धावत आली, कागदावर नजर पडली आणि म्हणाली, "आंधळ्यांनो, कोपऱ्यात दोन दिसत नाही?" आणि खुर्ची ओढून बसली.

बाहेर उरली दोनच माणसं: चहा करायला आलेली, आकड्यांचा तिटकारा असलेली नोलीन, आणि पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर बर्ट.

"हा एका बाजूनं जड चेंडू कुठल्या अंगाला वळतो?" नोलीननं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी बस वळवतो."

तरी आपापल्या क्लबाच्या वतीनं खेळले दोघं. बर्टचा चेंडू छोट्या पांढऱ्या चेंडूपासून वीतभर अंतरावर थांबला. नोलीननं अ‍ॅप्रन खोचून शेवटचा सोडला. तो भलतीकडेच गेला, बाकावर आपटला, उलटा आला आणि पांढऱ्याला जाऊन चिकटला.

"हे चालतं?" बर्ट चक्रावला.

"चालतं की नाही सांगणारे सगळे आत बसलेत."

नोलीननं आत जाऊन चषक टेबलावर ठेवला. "जिंकलो आपण!"

कुणी मान वर केली नाही. मर्विन तेवढा म्हणाला, "शाब्बास गं! जरा तो उचल ना, खालची ओळ झाकली गेलीय."

नोलीननं चषक उचलला, उरलेले सगळे स्कोन त्यात भरले आणि बर्टच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून घरी गेली. बस गेल्याचं पाहुण्यांना दिवेलागणीला कळलं.