झाकणावरची मोहोर

क्लबच्या मैदानापाशी माणसांची अशी दाटी झाली होती, की अंतिम सामनाच असावा. प्रत्यक्षात तिथे होते गवत कापण्याचे एक बंद पडलेले यंत्र आणि त्यासमोर डोळे मिटून बसलेले इंजिनबाबा. बाबांनी टाकीचे झाकण उघडले, कुपीतल्या तीर्थाचे तीन थेंब आत सोडले, झाकण लावले आणि दोरी ओढण्याची खूण केली. इंजिन धडधडू लागले. एका भाविकाने सायलेन्सरलाच डोके टेकवले. भाजलेल्या कपाळालाही कृपाप्रसाद म्हणण्यात आले.

"यंत्रालाही प्राण असतो," बाबा म्हणाले. "तो कुणाच्या हाती टिकावा, हे त्याचे तेच ठरवते."

टोला मैदानाचे गवत कापणाऱ्या ताईंना होता. नवरा गेल्यापासून ताईंचे घर या मैदानाच्या गवतावरच चालत होते. मध्यंतरी बाबांनी गावातल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणावर लाल मेणाची रक्षामुद्रा उमटवली आणि तेव्हापासून यंत्रे धापा टाकू लागली. ताईंच्या हाती तर हटकून. क्लबच्या सेक्रेटरींच्या मेहुण्याच्या हाती मात्र तेच यंत्र गुमान चाले. बाईच्या हाताला दोष आहे, असे निदान बाबांनी केले आणि उद्यापासून काम मेहुण्याकडे द्यायचे सेक्रेटरींनी ठरवून टाकले.

ताईंचा धाकटा भाऊ तंत्रशाळेत इंजिने शिकवून निवृत्त झाला होता. चहातली साखरही तो मोजपट्टीने मापतो, अशी वदंता असल्याने सगळे त्याला गेजकाका म्हणत. बाबांचे बोल ऐकून त्याचे डोके तापले होते. पण आधी पाहायचे, मग चिडायचे, हा त्याचा जन्माचा क्रम. प्लग आणि कार्बोरेटर त्याने आदल्या दिवशीच तपासले होते. दोन्ही निर्दोष होते. मग आज सकाळपासून तो नुसता पाहत बसला. ताई पेट्रोल भरत, झाकण करकचून आवळत आणि फडक्याने पुसत. मेहुणा झाकण अर्धवट फिरवून सोडून देई, पेट्रोल विजारीवर उडवत यंत्र हाकी. काकाला हसू फुटले ते तिथेच.

तो गर्दीतून पुढे झाला. त्याने झाकण स्वतः घट्ट आवळले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "बाबा, आज आपल्याच पवित्र हातांनी दोन पट्टे कापाल का?"

गर्दीदेखत नाही कसे म्हणणार? बाबांनी कफनी खोचली. पहिला पट्टा झोकात निघाला. दुसऱ्यात इंजिन घरघरले आणि मेले.

"अरेरे, आपल्याही हाताला दोष?" काका म्हणाला. पहिल्यांदाच कुणीतरी फिस्सकन हसले.

बाबांचा हात कुपीकडे गेला. काकाने तो अलगद धरला आणि ताईंना फक्त झाकण उघडून लावायला सांगितले. झाकण सैल होताच 'सूं' करून हवा आत शिरली. ताईंनी दोरी ओढली. इंजिन पुन्हा धडधडले, तेही तीर्थाशिवाय.

मग काकाने वर्गात सांगावे तसे सांगितले. पेट्रोल खाली उतरले की त्याच्या जागी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल अडते आणि इंजिन उपाशी मरते. झाकण उघडले की हवा आत जाते. थेंब टाका अथवा टाकू नका. मेहुण्याचे झाकण मुळात सैलच असे. काकाने टाचणीने मेण उकरले. खालचे भोक सर्वांनी पाहिले.

"बाबा, प्रत्येक झाकणावर मोहोर नेमकी भोकावरच कशी बसली?"

"ईश्वरेच्छा," बाबा पुटपुटले आणि निघाले. भाजलेल्या कपाळाचा भाविक मलम मागत त्यांच्या मागे गेला.

गर्दी ओशाळली होती. काका एवढेच म्हणाला, "हात जरूर जोडा. पण आधी झाकण उघडून पाहा. आणि कुणाच्या हाताला दोष देण्यापूर्वी तर दोनदा पाहा."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "ताई, उद्यापासून पुन्हा तुम्हीच..."

"उद्या कशाला?" ताईंनी झाकण करकचून आवळले. "अर्धं मैदान आजचंच राहिलंय. जरा बाजूला व्हा."